कानमंत्र आणि न ऐकणारे मूल

(श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवातील सायंसभेत केलेले भाषण)

 

उत्सवाच्या सभेत बोलावयाचे तर भक्ती, ज्ञान, वैराग्य यांवर अधिकारी पुरुषाने बोलावे, असा आपला प्रघात आहे. माझा तो अधिकार नाही. मी आयुष्यभर कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. व्यवस्थापक मंडळींनी मला बोलावयाची आज्ञा केली, तेव्हा माझ्या मनात एकच विषय उभा राहिला. आणि तो याच सभामंडपात मला मिळाला आहे.

काही वर्षांपूर्वी येथे अनुग्रहाचा विधी चालू होता. एकामागून एक साधक पुढे जात होते आणि श्रीस्वामीजी प्रत्येकाच्या कानात मंत्र सांगत होते. पलीकडच्या खांबाला टेकून एक बाई उभी होती. तिच्या पदराशी सात-आठ वर्षांचा मुलगा होता. मुलगा माझ्या शाळेतला, म्हणून ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, इथं मंत्र कानात देतात. माझ्या लेकराला तो कोण देणार? आणि कसा?"

मी तिला काही उत्तर देऊ शकलो नाही. 'सर्व ठीक होईल' असे काहीसे पुटपुटलो आणि गर्दीत मिसळलो. आजचे हे भाषण म्हणजे त्या माउलीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

आपण सर्वांनी सायंकाळची आरती पाहिली आहे. नगारा, घंटा, झांजा आणि शंख यांचा एकच घोष होतो, आणि त्या घोषात एखादे तान्हे मूल आईच्या मांडीवर गाढ झोपलेले असते. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणतात, "किती गुणी बाळ! जरा म्हणून दचकत नाही." बहुतेक वेळा ते बाळ खरोखरच गुणी असते; तान्ही मुले गोंगाटातही झोपतात. परंतु क्वचित त्या शांत झोपेचे कारण निराळे असते. उलट पक्षी, जे मूल नगाऱ्याने दचकते ते ऐकतेच, असेही समजू नये. नगाऱ्याचा हादरा जमिनीतून आणि छातीतून जाणवतो. शिवाय काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'श', 'क', 'त' असे बारीक वर्ण मुळीच ऐकू येत नाहीत. असे मूल हाकेला वळून पाहते, म्हणून घर निश्चिंत राहते; आणि ते तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा "याचा बापही उशिराच बोलला" असे आजी समाधान करते. अंदाजावर विसंबून असा बहुमोल काळ निघून जातो. म्हणून परीक्षा हवी.

ही परीक्षा अवघड नाही. बाळ झोपलेले असताना कानाच्या तोंडाशी एक लहानशी खुंटी ठेवतात. यंत्र मंद ध्वनी आत सोडते आणि निरोगी अंतःकर्णातून परतणारा अतिसूक्ष्म प्रतिध्वनी टिपते. काही मिनिटांचे हे काम आहे. सुई नाही, वेदना नाही. त्यात शंका आली तर 'बेरा' नावाची दुसरी तपासणी करतात. तीत कपाळावर आणि कानामागे तारा लावून, ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहतात. यांतील तज्ज्ञांनी घालून दिलेला नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे: पहिल्या महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्याच्या आत निदान, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचारांस प्रारंभ. एक, तीन, सहा. बारशाच्या आमंत्रणाची यादी करताना हे तीन आकडेही त्याच कागदावर लिहून ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

इतकी घाई कशासाठी, असे कोणी विचारील. अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात असताना चक्रव्यूहाची कथा ऐकली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजचे शरीरशास्त्रही सांगते की गर्भ सहाव्या महिन्याच्या सुमारास ध्वनी ग्रहण करू लागतो आणि नवजात बालक आपल्या आईचा आवाज इतर आवाजांतून वेगळा ओळखते. म्हणजे जन्माला येण्यापूर्वीच मूल भाषेच्या उंबरठ्यावर उभे असते. मेंदूचा जो भाग ध्वनीचा अर्थ लावतो, तो पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक घडणशील असतो. त्या काळात त्यास ध्वनी मिळाला नाही तर ते क्षेत्र इतर कामांकडे वळते, आणि पुढे उत्तम यंत्र बसविले तरी ऐकलेल्याचा अर्थ लागणे कठीण होते. मृग कोरडा गेल्यावर केलेली पेरणी आणि वेळेवर केलेली पेरणी यांतील अंतर आपल्या भागातील शेतकऱ्यास मी काय समजावून सांगावे?

येथे एका शब्दाचा खुलासा करतो. आपण अशा मुलास सहज 'मुका' म्हणतो. वस्तुतः बहुतेक बहिऱ्या मुलांचे स्वरयंत्र, जीभ, टाळू ही सर्व निर्दोष असतात. ते रडते, हसते, ओरडते. ऐकले नाही म्हणून ते बोलत नाही, इतकेच. त्याच्या कंठात दोष शोधणे व्यर्थ आहे. आणि म्हणूनच जिभेवर वेखंड उगाळून लावणे किंवा जिभेखालची शीर कापून आणणे यांनी ते बोलू लागत नाही. कानात कोमट तेल घालण्याची आपली जुनी सवय तर निरर्थक आहेच, पण कान वाहत असेल तर अपायकारकही आहे. तसेच सर्दी-पडशानंतर पडद्यामागे द्रव साचून काही मुलांना तात्पुरते कमी ऐकू येते. त्यांचे वर्गात लक्ष लागत नाही, आणि मास्तर त्यांस आळशी म्हणतात. कानाच्या डॉक्टरांकडून वेळीच उपाय झाला तर हा दोष सहसा जातो. तेव्हा 'द्वाड' ठरलेल्या मुलाचे कान एकदा तपासून पाहावेत.

जगभरातील पाहण्यांप्रमाणे दर हजार नवजात बालकांत सुमारे एक ते तीन मुलांस जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असतो. आणि अशा दहा मुलांपैकी नवांहून अधिक मुलांचे आईबाप स्वतः नीट ऐकणारे असतात. या दुसऱ्या आकड्याकडे आपले लक्ष वेधतो. त्याचा अर्थ असा की ज्या घरात असे मूल येते, त्या घराने बहुधा आजवर बहिरा मनुष्य जवळून पाहिलेलाही नसतो. त्यांना कोणी मार्ग दाखविणारा नसतो. निदान ऐकून ती दोघे दवाखान्याच्या पायऱ्या उतरतात तेव्हा त्यांच्या हातात एक कागद असतो आणि पोटात गोळा. अशा वेळी समाजाने त्यांच्यापुढे काय ठेवावे? आपण बहुधा दोषारोप ठेवतो.

मी ऐकलेले सांगतो. "ग्रहणात हिने विळी हाती धरली असेल." "कुणाची तरी हाय लागली." "पूर्वजन्मीचे काहीतरी." आणि हे सर्व आईस उद्देशून, बापास कोणी विचारीत नाही. मी कर्मसिद्धांताचा उपमर्द करण्यास येथे उभा नाही. परंतु आपल्या संतांनी कर्माचा विचार स्वतःच्या आचरणाच्या शोधनासाठी सांगितला, दुसऱ्याच्या जखमेवर बोट ठेवण्यासाठी नव्हे, एवढे तर आपण सर्व जाणतो.

आता कारणे पाहू. गर्भारपणी आईस झालेला रुबेला किंवा तत्सम विषाणूंचा संसर्ग, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मल्यानंतरची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, काही विशिष्ट औषधांचा परिणाम, ही काही कारणे आहेत. रुबेलाची लस २०१७ पासून गोवरच्या लशीबरोबर आपल्या देशातील बालकांस दिली जाऊ लागली आहे. ती चुकवू नये, कारण आज ती घेणारी मुलगी उद्याची माता आहे. परंतु जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांत कारण आनुवंशिक असते. यात बहुधा असे घडते की आई आणि बाप या दोघांकडेही एकाच दोषाचे एकेक बीज सुप्त असते. दोघांस उत्तम ऐकू येते, पिढ्यान्‌पिढ्या त्याचा कोणास पत्ता नसतो. मुलाकडे दोन्ही बीजे एकत्र आली की दोष प्रकट होतो, आणि त्याची शक्यता प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक असते. पाहा, यात आईचा वाटा निम्मा, बापाचा निम्मा, आणि अपराध कोणाचाच नाही.

याच ओघात एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, आतेच्या मुलाशी, काही घरांत प्रत्यक्ष मामा-भाचीचेही विवाह होत आले. जमीन घरात राहावी, मुलगी ओळखीच्या घरी पडावी, हा त्यातील हेतू प्रेमाचाच होता. पण एकाच मूळपुरुषाकडून आलेले तेच सुप्त बीज दोघांकडे असण्याचा संभव अशा विवाहांत वाढतो. ज्या घराण्यात आधीच एखादे बहिरे मूल आहे, तेथे तरी पुन्हा नात्यात सोयरीक करण्यापूर्वी या विषयातील डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जी लग्ने होऊन गेली त्यांस नावे ठेवू नयेत. जी व्हावयाची आहेत त्यांचा विचार करावा.

आता उपायांविषयी. श्रवणयंत्र हे चष्म्यासारखे नाही. चष्मा लावताच दिसते. श्रवणयंत्राने आवाज येतो, पण त्या आवाजाचा अर्थ मुलास शिकावा लागतो. मुलाचा कान वाढतो तसा कानात बसणारा साचा पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो; एरवी यंत्र शिटी मारते आणि आई वैतागून ते पेटीत ठेवते. ज्यांना यंत्राने पुरेसे ऐकू येत नाही अशा काही मुलांवर कॉक्लियर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. तीत अंतःकर्णाच्या शंखाकृती भागात विजेच्या सूक्ष्म तारा बसवितात, आणि कानामागे बाहेरून लावलेले यंत्र ध्वनीचे विद्युत्-संदेश करून आत पाठविते. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत लहान मुलांच्या या शस्त्रक्रियेस साहाय्य मिळू शकते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाच्या तपासणीचा समावेश आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून हेच कार्य करीत आहेत. तेव्हा मार्ग नाही असे नाही.

परंतु योजनेचा कागद आणि घराचा उंबरा यांमध्ये पुष्कळ अंतर असते. शस्त्रक्रिया झाली म्हणजे कार्य झाले, असे घरास वाटते. वस्तुतः त्या दिवशी कार्यास आरंभ होतो. पुढे काही वर्षे नियमाने वाचा-उपचारास जावे लागते. बाप मजुरीचा दिवस बुडवितो, आई पहाटेची एस.टी. धरते, धाकट्यास शेजारी ठेवते. यंत्राची तार तुटते, बॅटरी संपते, आणि त्या महिन्यात पैसे नसतात. लाखो रुपयांचे यंत्र काही शे रुपयांच्या वस्तूवाचून फळीवर पडून राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

येथवर मी इतरांच्या चुका सांगितल्या. आता माझी सांगतो.

मी शिक्षक झालो त्या काळी आमच्या क्षेत्रात एका मताचा मोठा पगडा होता. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तीत ठराव झाला की बहिऱ्या मुलांस केवळ मुखाने बोलावयास शिकवावे, हातांच्या खुणा शाळेतून हद्दपार कराव्यात. ठराव करणारे जवळजवळ सर्वच ऐकणारे होते. तो ठराव जगभर पसरला आणि शंभर वर्षांनंतरही आमच्या वर्गात त्याचे राज्य होते. 'हात खाली' ही आमची रोजची आज्ञा होती. मूल खुणा करू लागले की आम्ही त्याचे हात बाकाखाली ठेवावयास लावीत असू. यात दुष्टपणा नव्हता. खुणा केल्या तर ते बोलणार नाही, अशी आमची प्रामाणिक समजूत होती.

सीमेवरच्या एका खेड्यातून पाच वर्षांचा मुलगा माझ्या वर्गात आला. आईबाप शेतावर, म्हणून तो आजीजवळ वाढलेला. आजी आणि नातू यांनी आपली एक खुणांची बोली घडविली होती. म्हशीची खूण, दुधाची खूण, पाऊस, साप, रुसवा, लाडू. आणि दोन्ही हात जोडून कपाळी लावले की 'मठात जायचे'. मी आजीला बसवून सांगितले, "आज्जी, खुणा बंद करा, नाहीतर हा कधी बोलणार नाही. आणि घरी मराठी नको. शाळेची भाषा कन्नड आहे, तर त्याच्याशी कन्नडच बोला. दोन भाषांनी तो गोंधळेल." आजीला कन्नड येत होते ते बाजारापुरते. तिने माझी आज्ञा वेदवाक्य मानली.

दोन वर्षांनी त्या मुलाची आई मला भेटली. तो तोवर कष्टाने दहा-वीस शब्द उच्चारू लागला होता, आणि मला त्याचा अभिमान होता. ती म्हणाली, "गुरुजी, पूर्वी हा आज्जीशी दिवसभर हातांनी बोलायचा. आता कुणाशीच बोलत नाही." मी तिला धीर धरावयास सांगितले. पुढल्या हिवाळ्यात आजी वारली. ती कोठे गेली हे त्या मुलास सांगावयास घरात कोणाजवळ ना शब्द उरला होता ना खूण. कितीतरी दिवस तो जेवणाच्या वेळी आजीचा पाट मांडीत राहिला.

सज्जनहो, त्या मुलाचे बहिरेपण मी दिले नव्हते. परंतु त्या घरातील शांतता माझी देणगी होती.

आज या विषयाचे ज्ञान पुढे गेले आहे. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरी भरलेल्या त्याच परंपरेतील परिषदेने मिलानच्या ठरावाविषयी जाहीर खेद व्यक्त केला. सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे, हे आता सर्वमान्य आहे. बहिऱ्या आईबापांच्या घरी जन्मलेली मुले योग्य वयात हातांनी बोबडे बोल बोलू लागतात, असे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. खुणांनी बोलण्यास अडथळा येतो, या आमच्या समजुतीस आधार सापडलेला नाही. उलट ज्याच्याजवळ लहानपणी एक कोणतीही भाषा पक्की असते, त्याला दुसरी शिकणे सोपे जाते. आपल्या देशातही २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि २०२१ पर्यंत तिच्या शब्दकोशात दहा हजार शब्दांची भर पूर्ण झाली. हा कोश चित्रफितींच्या रूपात कोणासही घरबसल्या पाहता येतो.

आणि दोन भाषांविषयी? आपला हा मुलूख सीमेवरचा. येथे चुलीपाशी मराठी, बाजारात कन्नड, दवाखान्यात हिंदी, आणि डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजी. याच मठात एके दिवशी निरूपण मराठीत होते, दुसऱ्या दिवशी कन्नडात, आणि भगवंताचा कोणताही गोंधळ होत नाही! मुलाचाही होत नाही, असे अलीकडचे अभ्यास सांगतात. घरात दोन भाषा असल्याने श्रवणदोष असलेल्या मुलाची भाषा खुंटते, असे दिसलेले नाही. त्याची भाषा खुंटते ती त्याच्याशी कोणी पोटतिडकीने बोलत नाही म्हणून. आई ज्या भाषेत रागावते, आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते, तीच भाषा त्याच्याशी बोलावी. शाळेची भाषा शाळा शिकवील. कुटुंबास त्याची मातृभाषा सोडावयास लावणे म्हणजे त्या मुलाच्या घरातील सर्वांत बोलक्या माणसांची तोंडे बंद करणे होय.

थोडे वाणीदोषांविषयी. काही मुलांस उत्तम ऐकू येते, परंतु ती अडखळतात, तोतरे बोलतात. शंभरांतील सुमारे पाच मुले बालपणी या अवस्थेतून जातात आणि त्यांतील बहुतेकांचे अडखळणे पुढे आपोआप थांबते. त्यांचे वाक्य आपण पूर्ण करू नये, 'सावकाश बोल' असे वारंवार टोकू नये, आणि पाहुण्यांपुढे श्लोक म्हणावयास उभे करून त्यांची परीक्षा पाहू नये. त्यांचे बोलणे संपेपर्यंत त्यांच्या तोंडाकडे शांतपणे पाहावे. अडखळणे वर्षाच्या पुढे टिकले तर वाचातज्ज्ञांस दाखवावे. ओठ किंवा टाळू दुभंगलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होऊ शकते. तीही लहान वयात व्हावी हे उत्तम.

आता अखेरचा प्रश्न: भाविकांनी काय करावे? श्रीमठ हा दवाखाना नाही आणि शाळाही नाही. परंतु नवस बोलावयास अशी कुटुंबे प्रथम येथेच येतात, डॉक्टरांकडे नंतर जातात. म्हणून पहिला शब्द आपला असतो. नवस अवश्य बोलू द्यावा. श्रद्धेने मनास बळ येते आणि पुढच्या वर्षांत त्या बळाची फार गरज पडणार असते. मात्र नवसाचा नारळ ठेवणाऱ्या मातेस तेथेच विचारावे, "बाई, कानाची तपासणी झाली का?" आणि झाली नसेल तर आपल्यापैकी एकाने तिच्याबरोबर जावे. एकट्याने गेलेला माणूस डॉक्टरांचे निम्मे बोलणे विसरतो.

दुसरे, अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून द्यावी. ज्या मातेचे मूल आज दहा वर्षांचे आहे, ती सहा महिन्यांच्या बाळाच्या आईस जे सांगू शकते ते मी सांगू शकत नाही. महिन्यातून एका पौर्णिमेस प्रसादानंतर धर्मशाळेची एक खोली त्यांच्यासाठी मोकळी ठेवली तरी पुरे. तिसरे, अन्नदानाच्या निधीबरोबर यंत्रांच्या बॅटऱ्या, तारा आणि प्रवास यांसाठी एक लहानसा निधी असावा. मुलास ऐकू यावे म्हणून दिलेले दान हेही अन्नदानच आहे.

चौथे, कीर्तनात या मुलांस पुढे बसवावे, जेथून कीर्तनकारांचा चेहरा आणि हात दिसतील. कीर्तनकारांच्या तोंडावर उजेड असावा, पाठीमागून नसावा. आपली कीर्तनपरंपरा मुळातच केवळ कानांची नाही. अभिनय, हस्तमुद्रा, नृत्य हे सारे तीत आहे, आणि बहिरे मूल त्यातील पुष्कळ ग्रहण करते. पाचवे, बालसंस्कार वर्गातील सर्व मुलांनी सांकेतिक भाषेतील निदान वीस-पंचवीस शब्द शिकावेत: ये, बस, पाणी, प्रसाद, खेळू या, तुझे नाव काय, काय झाले, मी आहे. मुले हे आठवड्यात शिकतात. वेळ आपणां मोठ्यांस लागतो. बहिऱ्या मुलाचे खरे दुःख ध्वनी न ऐकू येणे हे नसते, कारण त्यास ध्वनी म्हणजे काय हे ठाऊकच नसते. पंगतीत सारे हसतात आणि का हसले हे त्यास कोणी सांगत नाही, हे त्याचे दुःख असते.

आता मी त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. मंत्र कानात देतात. ज्यास कान नाहीत त्यास तो कसा मिळणार?

हा प्रश्न मी पुढे पूज्य श्रीस्वामीजींच्या चरणी ठेवला. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, आपल्या परंपरेत दीक्षा केवळ श्रवणाने देतात असे कोणी सांगितले? स्पर्शाने देतात, दृष्टीने देतात, केवळ चिंतनानेही देतात. कासवी आपल्या पिलांना काय तोंडाने भरवते?" आपण सर्वांनी कीर्तनात तो दृष्टांत शेकडो वेळा ऐकला आहे. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, असे परंपरा मानते. तो दृष्टांत मीही ऐकला होता, परंतु तो माझ्या वर्गातील मुलांसाठी सांगितलेला आहे, हे माझ्या कधी ध्यानात आले नाही. ज्या शिक्षकाने आयुष्यभर 'हात खाली' म्हटले, त्यास दृष्टिदीक्षा आठवणार कोठून?

तो मुलगा पुढच्या उत्सवात आईबरोबर आला. श्रीस्वामीजींनी त्यास समोर बसविले, त्याच्या तळहातावर बोटाने नाम लिहिले, त्याच्या डोळ्यांत पाहिले आणि दोन्ही हात जोडून कपाळी लावले. मुलाने तसेच केले. मंडपातील कोणालाच काही ऐकू आले नाही. आणि मंत्र कोणाला ऐकू जाऊ नये, हाच तर नियम आहे.

त्या माउलीस आज मी सांगू शकतो: बाई, तुझ्या लेकराला मंत्र मिळेल, विद्या मिळेल, मित्र मिळतील. कानाने जेवढे पोहोचेल तेवढे कानाने, उरलेले डोळ्यांनी आणि हातांनी. फक्त उशीर करू नकोस. आणि तुला एकटीला चालावे लागू नये, हे आम्हां मंडळींचे काम आहे.

ते काम करण्याची बुद्धी श्रीसद्गुरूंनी आपणां सर्वांस द्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. इत्यलम्.